चार पायांचे कान

घरातील माणसे दिवसभरात किती आवाजांवर विसंबून वागतात, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. पहाटे गजर झाला की झोपलेला मनुष्य उठतो. दाराची कडी वाजली की कोणीतरी दार उघडते. कुकरची शिट्टी झाली की पाय स्वयंपाकघराकडे वळतात, आणि पाळण्यातले मूल रडू लागले की आई हातातले काम टाकून धावते. डोळे एका वेळी एकीकडेच पाहू शकतात. कान मात्र चोहीकडे पहारा देत असतात. मनुष्य झोपी गेला म्हणजे त्याचे डोळे मिटतात, पण कान मिटत नाहीत.

ज्यांच्या कानांचा हा पहारा जन्मापासूनच नाही, किंवा आजाराने अथवा वयोमानाने उठून गेला आहे, त्यांची स्थिती कशी होत असेल? दारात आलेला पाहुणा घंटा वाजवून वाजवून परत जातो आणि घरातील कर्णबधिर मनुष्यास त्याची वार्ताही नसते. मूल निजले आहे की रडत आहे, हे पाहण्यासाठी कर्णबधिर आईला घडोघडी उठून पाळण्यापाशी जावे लागते. रात्री तर मुलाच्या अंगावर हात ठेवूनच तिला निजावे लागते. घरात धूर कोंडला आणि धोक्याची घंटा ठणाणू लागली, तरी पलीकडच्या खोलीत झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय हे व्यंग डोळ्यांना दिसत नाही. अंध मनुष्याच्या हातातील पांढरी काठी पाहून लोक वाट देतात. कर्णबधिर मनुष्याने हाकेला ओ दिली नाही, तर लोक त्याला गर्विष्ठ समजतात.

अंध माणसांना वाट दाखविणारे कुत्रे शिकवून तयार करण्याची शाळा जर्मनीत १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत निघाली. कर्णबधिरांसाठीही असेच काही करता येईल, हा विचार मूळ धरण्यास त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे जावी लागली. वास्तविक कित्येक कर्णबधिरांच्या घरी पाळलेले कुत्रे आपण होऊनच हे काम करू लागत. दाराशी कोणी आले की त्यांची धावपळ होई, आणि त्यांच्या धावपळीवरून मालकाला काय ते समजे. जे काही कुत्रे आपोआप शिकतात, ते इतरांना मुद्दाम का शिकविता येऊ नये? अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ॲग्नेस मॅग्रा या श्वानशिक्षिकेने १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास तसे काही कुत्रे तयार करून दाखविले. पुढे चित्रपटांसाठी प्राण्यांना शिकविण्याचा अनुभव असलेले रॉय कॅबट यांनी १९७७ साली ऑरेगन राज्यात या एकाच कार्यासाठी संस्था काढली. इंग्लंडमध्ये ब्रूस फोगल हे पशुवैद्य आणि लेडी बिॲट्रिस राइट यांच्या पुढाकाराने १९८२ साली असे कार्य सुरू झाले.

आता प्रश्न असा की, या कामासाठी कुत्रा निवडावा कोणता? अंधांना वाट दाखविणारा कुत्रा अंगाने मोठा आणि वृत्तीने शांत असावा लागतो. रस्त्यावर काहीही खट्ट झाले म्हणून तो दचकून धावत सुटला, तर त्याच्या मागोमाग जाणाऱ्या माणसाची धडगत नाही. कर्णबधिराच्या घरी याच्या अगदी उलट गुण हवे असतात. तिथे खट्ट झाल्याबरोबर कान टवकारणारा, काय झाले ते पाहण्यासाठी उडी मारून उठणारा, आणि पाहिल्यावर कोणाला तरी सांगितल्यावाचून चैन न पडणारा कुत्रा पाहिजे. तो लहानखुरा असला तर अधिक चांगले. आठ-दहा किलो वजनाचा कुत्रा रात्री बिछान्यावर उडी मारून झोपलेल्या माणसास उठवू शकतो, आणि लहानशा घरातही त्याची अडचण होत नाही.

असे कुत्रे शोधण्यासाठी या शिक्षकांना फार लांब जावे लागले नाही. बेवारशी आणि नकोसे झालेले कुत्रे जिथे ठेवीत, त्या कोंडवाड्यांत व आश्रयगृहांत ते हवे तेवढे मिळत. बहुतेक सगळे मिश्र जातीचे. कोणाचा बाप टेरियर, तर आई कोण ते ठाऊक नाही. कोणाच्या अंगावर पूडलची कुरळी लव, तर कान भलत्याच कोणत्या जातीचे. टेरियर हे नाव ‘भूमी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले आहे. उंदीर, कोल्हे यांच्या मागोमाग बिळात शिरण्यासाठी इंग्लंड-स्कॉटलंडमधील शेतकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या ही जात जोपासली. बिळात शिरल्यावर धन्याचा हुकूम ऐकू येत नाही. तिथे कुत्र्याला आपल्याच हिमतीवर निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळे ज्याच्या रक्तात टेरियरचा थोडासा अंश आहे, तो कुत्रा चपळ, चौकस, हट्टी आणि काहीसा आगाऊ असतो.

आणि बहुधा याच गुणांपायी तो कोंडवाड्यात येऊन पडलेला असतो. गोजिरवाणे पिल्लू म्हणून कोणीतरी त्याला हौसेने घरी आणते. पिल्लू चार-सहा महिन्यांचे होते न होते तोच त्याच्या अंगी वारे शिरल्यासारखे होते. घरातली मंडळी कामाला निघून जातात, आणि ते दिवसभर एका खोलीत कोंडलेले राहते. शिकारीसाठी घडलेल्या त्या देहाला धावायला जागा नाही, आणि त्या चौकस बुद्धीला काही उद्योग नाही. मग ते चपला कुरतडते, उशा फाडते, जिन्यावर पाऊल वाजले की भुंकून आळी डोक्यावर घेते, आणि संध्याकाळी मालक परत आला की त्याच्या अंगावर झेपावून त्याचे कपडे मळवते. ‘हा कुत्रा वाईट आहे’ असा निकाल लागतो, आणि त्याची रवानगी कोंडवाड्यात होते. तिथे जागा मोजकी असते. ठरलेल्या मुदतीत कोणी न्यायला आले नाही, तर पुष्कळ ठिकाणी अशा कुत्र्यांना इंजेक्शन देऊन मारून टाकीत. काही ठिकाणी आजही तसे घडते. निवड करायला आलेला शिक्षक एका पिंजऱ्यापासून दुसऱ्या पिंजऱ्याकडे जाई, तेव्हा आतल्या कुत्र्याच्या जिवाचाच निवाडा होत असे.

ही निवड करण्याची रीत मोठी समंजस आहे. शिक्षक कुत्र्याला एका रिकाम्या खोलीत नेतो, थोडा वेळ त्याच्याशी खेळतो. आणि कुत्र्याचे लक्ष नसताना कुठेतरी दडविलेले छोटे घड्याळ एकाएकी खणखणू लागते. काही कुत्रे शेपूट पायात घालून कोपरा गाठतात. ते भित्रे कुत्रे या कामाचे नव्हेत. रोज दहा वेळा भिण्याची शिक्षा त्यांना का द्यावी? काही कुत्रे त्या आवाजाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तेही उपयोगाचे नव्हेत. पण एखादा कुत्रा क्षणभर दचकतो, मान तिरकी करतो, कान त्या दिशेला वळवतो आणि मग नाक पुढे करून, ‘हे आहे तरी काय?’ अशा आविर्भावाने तिकडे जातो. शिक्षकाला हवा असतो तो हाच. त्याने कधी किती चपला फाडल्या, याची चौकशी कोणी करीत नाही.

कुत्र्याचे कान मुळातच तीक्ष्ण असतात. माणसाला फार तर सेकंदास २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचा येतो. कान हवा तसा वळविण्यासाठी त्याला डझनाहून अधिक स्नायू दिलेले आहेत. तेव्हा ऐकायला त्याला शिकवावे लागत नाही. शिकवायचे ते एवढेच की, ऐकलेले आपल्यापाशी न ठेवता माणसाला येऊन सांगावे.

परंतु धड्याला आरंभ करण्यापूर्वी त्याच्या अंगातील साचलेल्या शक्तीला वाट द्यावी लागते. जो कुत्रा रात्रभर पिंजऱ्यात होता, त्याला सकाळी उठल्याबरोबर ‘बस’ म्हणून सांगणे म्हणजे शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर मुलांना हलू नका म्हणण्यासारखे आहे. म्हणून दिवसाचे पहिले काम व्यायामाचे असते. अर्धा-पाऊण तास भरभर चालणे, मोकळ्या कुंपणात मनसोक्त धावणे, फेकलेला चेंडू आणून देणे, दोरीची ओढाताण, असे त्याचे प्रकार असतात. नुसत्या धावण्याने मात्र भागत नाही. रोज दोन मैल धावणारा कुत्रा काही दिवसांत इतका कणखर होतो की, त्याला तीन मैल हवेसे वाटू लागतात. त्याच्या बुद्धीलाही दमवावे लागते. त्याचे अन्न ताटलीत न देता गवतात विखरून ठेवावे, किंवा उलट्या ठेवलेल्या वाट्यांपैकी एकीखाली दडवावे. ते हुंगून शोधून काढता काढता तो जितका निवांत होतो, तितका पळण्यानेही होत नाही. आणि खेळ संपल्यावर चटईवर स्वस्थ पडून राहणे, हाही त्याच्या अभ्यासाचाच एक भाग असतो. चंचल कुत्र्याला तो सर्वांत अवघड जातो.

ज्यांच्या घरी असा एखादा चुळबुळ्या लहान कुत्रा असेल, त्यांना यातील बराचसा भाग सहज करता येईल. मात्र आपल्याकडील उन्हाचा विचार केला पाहिजे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकतो. चैत्र-वैशाखात दुपारी त्याला पळविणे त्याच्या जिवावर बेतू शकते. रस्त्याच्या डांबरावर आपल्या हाताची पालथी बाजू थोडा वेळ टेकवून पाहावी. हाताला चटका सोसवत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही तो सोसवणार नाही. फिरायला न्यावे ते पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. भरल्या पोटी पळवू नये. पिल्लांची हाडे भरेपर्यंत त्यांना उंचावरून उड्या मारावयास लावू नये. बक्षीस म्हणून घास द्यावा, पण तो चॉकलेटचा, मनुकांचा किंवा कांदा घातलेल्या पदार्थाचा कधीही असू नये. हे पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत.

व्यायामाने कुत्रा ताळ्यावर आला की खरा पाठ सुरू होतो. शिक्षक खुर्चीवर बसतो आणि कुत्र्याने पुढचा पंजा किंवा नाक आपल्या गुडघ्याला लावावे, एवढेच त्याला शिकवतो. स्पर्श झाला की मांसाचा एक बारीक तुकडा आणि शाबासकी. गंमत अशी की, अंगावर पंजे टाकण्याच्या ज्या सवयीसाठी पूर्वीच्या घरी तो मार खात असे, त्याच सवयीसाठी आता त्याला खाऊ मिळतो! मग स्वयंपाकघरातील मिनिटे मोजणारे घड्याळ लावून ठेवतात. ते वाजले की शिक्षक कुत्र्यासह तिकडे धावत जातो आणि घड्याळाशेजारी त्याला घास देतो. पाच-सात वेळा असे झाले की, घड्याळ वाजताक्षणी कुत्रा एकटाच तिकडे धाव घेतो. आता शिक्षक एक युक्ती करतो. घड्याळ वाजते, कुत्रा धावत जातो, पण तिथे घास नसतो, आणि शिक्षक तर खुर्चीवरून हललेलाही नसतो. कुत्रा बुचकळ्यात पडतो. तो घड्याळाकडे पाहतो, शिक्षकाकडे पाहतो, परत येतो आणि अखेर त्याच्या गुडघ्याला पंजा लावतो. त्याबरोबर शिक्षक ताडकन उठतो, ‘काय आहे?’ अशी हाताने खूण करतो, त्याच्या मागून घड्याळापाशी जातो आणि तिथे त्याला घास देतो. तो एक क्षण फार मोलाचा असतो. आवाज झाला की या माणसाला उठवायचे आणि तिकडे घेऊन जायचे, ही गोष्ट त्या कुत्र्याने आपल्या बुद्धीने शोधून काढलेली असते.

पुढे शिक्षक झोपेचे सोंग घेतो, पांघरूण डोक्यावरून ओढतो, पाठ फिरवतो, लवकर उठतच नाही. कुत्र्याने हार न मानता ढोसत राहिले पाहिजे. मध्येच चेंडू टाकतात, दुसरा कुत्रा आणतात. तरी त्याचे चित्त ढळता कामा नये. गजर, दाराची घंटा, दूरध्वनी, मुलाचे रडणे अशा एकेका आवाजाची ओळख करून देतात. धोक्याच्या घंटेची रीत मात्र निराळी असते. तिथे मालकाला आवाजाकडे नेणे म्हणजे आगीकडे नेणे! म्हणून इंग्लंडमधील पद्धतीप्रमाणे कुत्रा मालकाला स्पर्श करतो आणि ‘काय आहे?’ असे विचारताच पुढे न जाता जमिनीवर सपाट पडतो. त्यावरून मालक समजतो की, धोका आहे आणि घराबाहेर पडले पाहिजे.

भुंकण्याला या शाळेत काहीच किंमत नाही. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यापुढे भुंकून काय उपयोग? सर्व कारभार स्पर्शाने आणि खुणांनी चालतो. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ या आज्ञादेखील हाताने देतात, आणि कुत्र्यांना त्या शब्दांपेक्षा लवकर उमगतात. कारण माणसाच्या हालचालींकडे ती एरवीही टक लावून पाहत असतात.

शिक्षेलाही इथे स्थान नाही, आणि त्यामागे केवळ दया नसून मोठे कारण आहे. इतर कामे करणारा कुत्रा हुकमाची वाट पाहतो आणि हुकूम मिळाला की तो पाळतो. या कुत्र्याला हुकूम देणार कोण? आवाज झाला, हे मालकाला ठाऊकच नसते. कुत्र्याने आपण होऊन उठावे, आपण होऊन मालकाकडे जावे आणि मालक कामात गढलेला असला तरी त्याला सतवावे, अशीच अपेक्षा असते. चुकल्यास मार बसेल या धास्तीने जो कुत्रा दबून राहील, तो आपण होऊन काहीच करणार नाही. आगाऊपणा जपूनच त्याला वळण लावायचे असते, आणि तेच शिक्षकाचे खरे कसब होय.

हे शिक्षण दररोज चार-दोन मिनिटांच्या लहान लहान पाठांनी कित्येक महिने चालते. सगळेच कुत्रे त्यात उत्तीर्ण होतात असे नाही. जे होत नाहीत त्यांना ऑरेगनची संस्था चांगली घरे पाहून साधे पाळीव कुत्रे म्हणून देत असे. कोंडवाड्यात परत पाठवीत नसे.

यानंतरचा भाग वरवर सोपा, पण खरा कसोटीचा आहे. कुत्रा शिकलेला असतो. आता मालकाला शिकायचे असते. शिक्षकाला ऐकू येत होते, त्यामुळे कुत्रा केव्हा बरोबर आहे हे त्याला कळत असे. कर्णबधिर मालकाला ते कळत नाही. कुत्र्याने पंजा लावला तर त्याने विश्वास ठेवून उठलेच पाहिजे. वाचनात रंग भरला आहे, पाऊस पडतो आहे, अंथरुणातून उठवत नाही, म्हणून त्याने चार वेळा ‘जा, नंतर पाहू’ असे केले, तर पाचव्या वेळी कुत्रा उठत नाही. ज्याचे कोणी ऐकत नाही, तो सांगणे सोडून देतो. म्हणून मालकाला रोज घड्याळ लावून सराव करून घ्यावा लागतो, खिशात घास बाळगावा लागतो आणि नियमाने फिरायला न्यावे लागते. फिरणे थांबले की आठवड्याभरात तो जुना चपलाफाड्या पुन्हा डोके वर काढतो.

कालांतराने कायद्यानेही या कुत्र्यांची दखल घेतली. अमेरिकेत १९९० साली आणि जपानमध्ये २००२ साली झालेल्या कायद्यांनी त्यांना मालकासोबत सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा हक्क मिळाला. इंग्लंडमधील संस्था आता बहुतेक कुत्रे स्वतःच्या देखरेखीखाली वाढवते. लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल, पूडल अशा जातींचे पिल्लू पुढे कसे निपजेल याचा अंदाज आधी बांधता येतो, हे त्याचे कारण. कारण रास्त आहे. तरीही कोंडवाड्यातील त्या भटक्या मंडळींनीच हा मार्ग प्रथम चालून दाखविला, याचा विसर पडू नये.

आज दाराची घंटा वाजली की लुकलुकणारे दिवे आहेत; गजर झाला की उशीखाली थरथरणारी यंत्रे आहेत. ती स्वस्त आहेत आणि त्यांना फिरायला न्यावे लागत नाही. मात्र यंत्र आवाजाच्या जागेपर्यंत हात धरून नेत नाही. सोबतच्या कुत्र्याच्या अंगावरील जाकीट पाहून परक्या माणसाला कळते की, याला ऐकू येत नाही, समोर येऊन सावकाश बोलले पाहिजे. बाजारात, बागेत लोक कुत्र्याच्या निमित्ताने थांबतात आणि ज्याच्याशी कोणी बोलत नव्हते त्याच्याशी बोलू लागतात.

कुत्र्याचे आयुष्य माणसाच्या मानाने थोडे. दहा-बारा वर्षांचा झाला की तो थकतो, आणि पुष्कळ म्हाताऱ्या कुत्र्यांप्रमाणे त्यालाही ऐकू येईनासे होते. मग त्याच्या कामावर दुसरा तरुण कुत्रा येतो. म्हातारा बहुधा त्याच घरी चटईवर पडून राहतो. दाराची घंटा वाजली तरी त्याचा कान हलत नाही. पण मालकाने समोर जाऊन हाताने ‘ये’ म्हणून खूण केली की तो उठून त्याच्याकडे जातो. कारण त्या घरातली भाषा पहिल्यापासून हातांचीच असते.